तहकूब सभेला कोण असतं?

आमच्या गावात १ मे ला सकाळी झेंडावंदन होतं, पोरांना गोळ्या-बिस्किटं वाटतात आणि मग अकरा वाजता ग्रामसभा असते, म्हणजे नोटीस बोर्डावर तरी तसं लिहिलेलं असतं. २०२२ च्या १ मे ला मी आयुष्यात पहिल्यांदा त्या अकराच्या सभेला गेले. वय २३. मतदार यादीत नाव लागून चार-पाच वर्षं झालेली, म्हणजे तेवढीच वर्षं मी ग्रामसभेची सदस्य होते आणि ही गोष्ट मला शाळेत, कॉलेजात, घरी कुणीच सांगितली नव्हती. मला वाटायचं ग्रामसभा म्हणजे सरपंच, पंच आणि गावातल्या आठ-दहा पुढाऱ्यांची मीटिंग.

तसं नाहीये. गावच्या मतदार यादीत ज्याचं ज्याचं नाव आहे तो प्रत्येक माणूस मिळून ग्रामसभा होते. त्यात निवडून यावं लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही, आणि १८ वर्षाच्या पोरीचा हात वर झाला तर तो माजी सरपंचाच्या हाताएवढाच मोजायचा असतो. हे घटनेत लिहिलेलं आहे, ७३ वी घटनादुरुस्ती, एप्रिल १९९३ पासून लागू, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून.

मी का गेले ते सांगते. लॉकडाऊनमध्ये पुण्यातली रूम सोडून गावी आले आणि नंतर साताऱ्यात नोकरी लागली म्हणून गावातच राहिले, रोज स्कूटीवर जाऊन येऊन करते. आमच्या आळीतल्या पोरी पोलीस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांची तयारी करत होत्या आणि अभ्यासाला रोज एसटीने तालुक्याला जायच्या, तिथल्या अभ्यासिकेत एका खुर्चीचे महिन्याला पाचशे-सहाशे रुपये, वर एसटीचा पास, आणि संध्याकाळची गाडी चुकली की घरून फोनवर फोन. दोघींचं जाणं त्याच कारणानं बंद झालं. आणि इकडं गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीवरची खोली कायम कुलूपबंद, आत मांडवाचे बांबू, मोडक्या खुर्च्या आणि कचऱ्याच्या बादल्या, त्या पण वाटायच्या राहिलेल्या. मला एवढंच विचारायचं होतं की ही खोली पोरींना अभ्यासाला द्याल का.

अकराची सभा, पावणेबारापर्यंत २७ माणसं आली. मी मोजली. बायका तीन, अंगणवाडीच्या ताई, आशाताई आणि मी. मागच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी विचारलं, कुणाची गं तू? मी आज्याचं नाव सांगितलं. मग म्हणाले, बस बस, दाखला पायजे काय? त्यांनी मायेनंच विचारलं, पण पोरगी ग्रामपंचायतीत आली म्हणजे दाखल्यालाच आली असणार हे गावानं धरूनच चाललेलं असतं. थोड्या वेळानं भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, उठले आणि म्हणाले कोरम नाही, सभा तहकूब.

इथं जरा थांबून कोरमचं सांगते, कारण सगळी मेख त्यात आहे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढी हजर लागतात. आमच्या गावात मतदार आहेत २,२०० च्या आसपास, म्हणजे १५ टक्के झाले ३३०, म्हणून आम्हाला १०० पुरतात. फक्त १००. वर्षातून किमान चार वेळा. तेवढी नाही जमली तर सभा तहकूब होते आणि पुढची तारीख पडते. आणि त्या तहकूब सभेला कोरमची अट नाही! मग तिथं पंधरा माणसं असली तरी ठराव होतात आणि ते सगळ्या गावाचे ठराव धरले जातात. घरकुल कुणाला, विकास आराखड्यात कुठला रस्ता, पाण्याची टाकी आधी का गटार आधी, सगळं.

म्हणजे तुम्ही आला नाहीत म्हणून निर्णय थांबत नाही. उलट, निर्णय घेणं सोपं होतं.

आमची तहकूब सभा आठवड्यानं लागली, कामाच्या दिवशी, दुपारी चार वाजता. मी हाफ डे टाकून गेले. १९ माणसं होती, विषयपत्रिकेवर १४ विषय, आणि ते सगळे अर्ध्या-पाऊण तासात संपले. भाऊसाहेब वाचायचे, समोरून कुणीतरी मंजूर म्हणायचं, पुढचा विषय. शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय आले तेव्हा मी उभी राहिले आणि खोलीचं बोलले. आवाज कापत होता. उत्तर आलं की विषय पत्रिकेवर नाही, पुढच्या वेळी बघू. ते ठीक होतं. पण बाजूनं एकजण म्हणाला, तू उद्या लग्न होऊन जाणार, तुला काय करायचंय गावाच्या खोलीचं. त्यावर दोघं-तिघं हसले आणि मला काही सुचलं नाही, मी खाली बसले.

घरी येऊन आज्जीला सांगितलं. ती भाकरी थापत होती, मान पण वर केली नाही, म्हणाली, जाशील तिथंबी गावच असंल की.

आज्जीचं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. जे लोक म्हणतात आम्ही शिकायला बाहेर आहोत, नोकरीला बाहेर आहोत, आमचं काय काम, त्या सगळ्यांना हेच सांगायचंय की जिथं राहताय तिथं कचरा कुणीतरी उचलतं, पाणी कुणीतरी सोडतं आणि त्याचा निर्णय कुणीतरी घेतंच.

दोन दिवसांनी शिपाईमामा प्रोसिडिंगचं रजिस्टर घेऊन सह्यांना घरी आले. पप्पा सभेला गेलेच नव्हते, तरी सही करायला निघाले होते. मी विचारलं असं कसं, तर म्हणाले गेली वीस वर्षं अशीच करतोय, सगळेच करतात. त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. आमच्या घरात त्यावरून थोडं वाजलं पण, शेजाऱ्याशी वाईटपणा नको वगैरे. पण नाही केली.

त्याच आठवड्यात बातमी आली हेरवाडची. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे, त्यांच्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं ह्या प्रथा गावात बंद. शेकडो वर्षांची रीत, आणि एका गावानं बसून ठरवलं की नको. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनी पण हेरवाडसारखं करावं असं सांगितलं. मी ती बातमी आमच्या सगळ्या ग्रुपवर टाकली. मला राहून राहून वाटत होतं की आमची १ मे ची सभा आणि त्यांची सभा कायद्याच्या दृष्टीनं सारखीच की, तेच रजिस्टर, तेच सूचक-अनुमोदक, फरक फक्त तिथं माणसं काय घेऊन बसली याचा.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी, त्या अभ्यासाच्या पोरी आणि गणपती मंडळाची पोरं. मंडळाच्या पोरांविषयी मला सविस्तर लिहायचंय, कारण आजच्या तरुणांना कशात रस नाही, दिवसभर मोबाईलमध्ये असतात असं जे बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही. आमच्या मंडळाची पोरं दरवर्षी घरोघर फिरून वर्गणी गोळा करतात, पावती पुस्तक सांभाळतात, मांडववाल्याशी भाव करतात, पोलीस ठाण्यात परवानगीला जातात, लाईटवाला ऐनवेळी आला नाही तर दुसरा शोधतात, शेवटच्या दिवशी पाचशे माणसाचा महाप्रसाद करतात आणि नंतर हिशेब कागदावर लिहून मंदिरात चिकटवतात, पाच रुपये इकडचे तिकडे झाले तर भांडणं होतात. हे सगळं १७ ते २५ वयाची पोरं करतात. बजेट, वसुली, खरेदी, परवानग्या, हिशेब. ग्रामपंचायत तरी दुसरं काय करते? ज्याला मंडळाचा हिशेब कळतो त्याला ग्रामपंचायतीचा जमाखर्च कळणार नाही असं होऊच शकत नाही, फक्त त्याला कुणी कधी तो कागद हातात दिलेला नसतो.

तर मंडळाच्या ग्रुपवर मी विचारलं, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला १०० माणसं आणायची आहेत, जमेल का. पहिल्या दिवशी तीन अंगठे आले. मग त्यातल्या एकानं, ज्याचं अजिबात कुणाशी पटत नाही पण कामाला वाघ आहे, त्यानं आळीवार लिस्टच केली, वर्गणीला करतात तशी.

पहिलं काम केलं अर्जाचं. खोलीचा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा म्हणून लेखी अर्ज, खाली ४१ सह्या, आणि त्याची पोच. पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून घरी यायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख, आवक नंबर. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते, ती लागल्यावर बघायला गेलो तर विषय नंबर ९, आमचा. पोरींनी त्या नोटीसचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

दुसरं, आम्ही आठवड्यातून दोनदा देवळाच्या पारावर बसून वाचायला लागलो. ही कल्पना आमची नाही, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाची आहे. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा खूप जणांनी ऐकली असेल, ती त्या गावची. छोटं गोंड आदिवासी गाव, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि पुढं स्वतःचा बांबू स्वतः विकला. मला त्यातलं सगळ्यात भारी काय वाटलं तर त्यांच्याकडं ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. आधी बसून विषय समजून घ्यायचा, माहितीच्या माणसाला विचारायचं, वाद घालायचा आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीनं ठरवायचं. आपण उलटं करतो, न वाचता सभेत जातो आणि तिथं आवाज चढवतो.

पारावर बसून आम्ही जे पहिलं उघडलं ते ई-ग्रामस्वराज पोर्टल. मोबाईलवर उघडतं, लॉगिन लागत नाही, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं की आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे थेट गावाला येत होते, त्यातले ६० टक्के बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचे आणि उरलेले ४० टक्के अबंधित, ते गावाच्या गरजेप्रमाणे. हे कळल्यावर आमचं बोलणंच बदललं. आधी आम्ही म्हणत होतो खोली द्या, आता म्हणायला लागलो की अबंधितमधून टेबल, खुर्च्या आणि वायरिंग आराखड्यात घ्या. सोळा वर्षाचा एक पोरगा, ज्याला मत पण नाही, तो हे सगळं इतक्या पटपट शोधून काढायचा की बंधित-अबंधित आता गावात मोठी माणसं त्याला विचारतात.

आता महिला ग्रामसभेचं सांगते. मुख्य ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हा नियम आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरमध्ये होते. आमच्या सरपंच एक ताई आहेत, राखीव जागेवर निवडून आलेल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. पण मी गेले त्या दोन्ही सभांमध्ये ताई खुर्चीत बसलेल्या आणि बोलत होते त्यांचे मिस्टर. गावात त्यांनाच सरपंच म्हणतात. मला आधी ताईंचा राग यायचा, की बोलत का नाही. मग १४ ऑगस्टला अंगणवाडीत आशाताईंनी खरोखरची महिला सभा बोलवली, ५० च्या वर बायका आल्या, पुरुष कुणी नव्हतं, आणि ताई सलग वीस मिनिटं बोलल्या. कुठल्या वस्तीवर नळाला किती वाजता पाणी येतं, कुठल्या गल्लीतला दिवा किती दिवस बंद आहे, सगळं तोंडपाठ. त्यांना माहिती नव्हती असं नाही, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मला माझाच राग आला, की आपणपण कधी विचारलं नाही. एका मावशींनी दारूच्या दुकानाचा विषय काढला, उभी बाटली आडवी बाटलीचं मतदान आपल्याकडं का नाही घेत म्हणून. त्याला आधी गावातल्या एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्के जणांच्या सह्यांचं निवेदन लागतं, मग गुप्त मतदान, आणि त्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, पडावी लागतात, हजर असलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या. अवघड आहे, पण काही गावांतल्या बायकांनी ते करून दाखवलंय. आमच्याकडं अजून झालेलं नाही, चर्चा चालूच आहे.

१५ ऑगस्टला १३४ माणसं आली. भाऊसाहेबांनी सह्या मोजल्या आणि म्हणाले कोरम पूर्ण, सभा सुरू. माझ्या शेजारी १८ पूर्ण होऊन तीन महिने झालेली एक पोरगी बसली होती, पोलीस भरतीवाली, तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखायला लागला. विषय नंबर ९ आला. सूचक मी, अनुमोदक ती. त्यावर अर्धा तास वाद झाला, खोलीची चावी कुणाकडं, लाईट बिल कोण भरणार, पोरं-पोरी एकत्र बसणार का, आणि हे सगळे प्रश्न चांगले होते, आम्ही पारावर त्यांची उत्तरं काढून ठेवली होती. मधे सरपंच ताईंचे मिस्टर काहीतरी सांगायला उठले तेव्हा ताई म्हणाल्या, थांबा, मी सांगते. आवाज मोठा नव्हता पण सगळ्यांनी ऐकला. मग हात वर. ठराव मंजूर. मे महिन्यात जे आजोबा दाखल्याचं विचारत होते ते बाहेर पडताना म्हणाले, बोललीस चांगलं. लग्नाचं कुणीच काढलं नाही.

त्याच स्वातंत्र्यदिनाला सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं पण एक सुरुवात केली, रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा, साडेआठला परत भोंगा. आमच्या पोरींनी ते वाचून मला मेसेज केला, ताई आपण एकटे नाही.

पुढचं खरं काय झालं ते पण सांगते, कारण फक्त जिंकल्याचं सांगितलं की तरुण पोरं एकदा येतात आणि काही झालं नाही की परत तोंड दाखवत नाहीत. खोली उघडायला त्यानंतर पाच महिने लागले. टेबल आले, वायरिंगची फाईल अडली. २ ऑक्टोबरच्या सभेला आम्हाला वाटलं आता सवय लागली, फोन कमी केले, आणि ६२ च माणसं आली. परत तहकूब. माझा इतका मूड गेला की दोन-तीन दिवस कुणाशी बोलले नाही. मग वायरिंगसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, १० रुपयांचं तिकीट लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर यायच्या आधीच वायरमन आला. रस्त्याच्या दिव्यांचा ठराव मात्र दोन वर्षं आराखड्यात पडून होता आणि अजून एका वस्तीवर खांब नाही. चार-पाच जणांनी आमच्याशी बोलणं टाकलंय. हे सगळं होतं. आज त्या खोलीत रोज १८-२० पोरं-पोरी बसतात आणि पोलीस भरतीत आमच्या गावातली एक लागली पण.

आता ज्यावर मला मनापासून वाईट वाटतं ते लिहिते. ग्रामपंचायतीची निवडणूक असली की मुंबई-पुण्यातून गाड्या भरून माणसं येतात, उमेदवारानं गाडी केलेली असते, जेवण असतं, रात्रभर प्रवास करून येतात आणि मत देऊन परत जातात. पाच वर्षांत एक दिवस. आणि चार सभा दरवर्षी, म्हणजे पाच वर्षांत २०, त्याला गावात राहणारी माणसंपण येत नाहीत. मत देणं महत्त्वाचं आहेच, पण एक दिवस मत देऊन बाकीचे दिवस त्याच माणसाला शिव्या देणं ह्याला मी भाग घेणं म्हणत नाही.

आणि दुसरं, बिनविरोध. आमच्याकडं बिनविरोध झाली म्हणजे गावात एकी आहे असं समजतात, पेपरमध्ये फोटो येतो. कधी खरंच एकी असते. पण चार माणसांनी एका घरात बसून नावं ठरवायची आणि २२ वर्षाच्या पोरानं फॉर्म भरला तर त्याच्या बापाला बोलावून काढायला लावायचा, ही एकी नाही. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी ह्या दोन गावांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानं रद्द केल्या, कारण तिथं पदाचा चक्क लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. लिलावाचा पैसा देवळासाठी का असेना, ज्याच्याकडं बोली लावायला पैसे नाहीत त्या पोरानं काय करायचं? निवडणूक झाली की भांडणं होतात हे मान्य, पण पाच वर्षांतून एकदा गावानं प्रश्न विचारायची ती जागा आहे, ती बंद करू नये.

शहरातल्यांचं वेगळंच दुखणं आहे. माझा मावसभाऊ पुण्यात राहतो, वय २४. २०१७ ला महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा तो शाळेत होता, नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मग जवळपास चार वर्षं प्रशासक. मतदार झाल्यापासून त्याला नगरसेवक निवडायची संधीच मिळाली नव्हती, थेट जानेवारी २०२६ ला त्यासाठी पहिल्यांदा मत दिलं. तो मला म्हणायचा तुमचं बरंय, तुमच्याकडं निदान सभा तरी असते. खरं आहे, शहरात गल्लीतल्या माणसांनी बसून हात वर करायची अशी जागा प्रत्यक्षात नाहीच. पण पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते, आपल्या भागातला फूटपाथ, बसस्टॉप, बाक, असलं छोटं काम फॉर्म भरून सांगता येतं. त्याला हे माहीतच नव्हतं. मी त्याला म्हटलं आता नगरसेवक आलेत, तर पहिल्या वर्षातच भेट, चार मित्र घेऊन जा, लेखी दे आणि पोच घे.

ज्यांचं नाव अजून यादीत नाही त्यांच्यासाठी, पूर्वी फक्त १ जानेवारीला १८ पूर्ण असावे लागायचे, आता वर्षात चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, दोन्ही मोबाईलवरून भरता येतात नाहीतर गावच्या बीएलओकडं, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, द्या. आणि माझं मत असंय की जिथं खरोखर राहताय तिथंच नाव ठेवा. गावाची माया कळते मला, पण वर्षातून दहा दिवस गावी येणाऱ्यानं तिथला पंच निवडायचा आणि जिथं बारा महिने राहतो तिथल्या पाण्याविषयी गप्प बसायचं, हे दोन्ही गावांवर अन्याय करणारं आहे. अजून एक, आमदार व्हायला वय २५ लागतं पण ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ पुरतं. १८ चं मत सुद्धा आपल्याला १९८९ मध्ये मिळालं, त्याआधी २१ होतं. म्हणजे एका काळी ज्या वयात पहिलं मत देता यायचं त्या वयात आज सरपंच होता येतं.

हे शेवटचं लिहायचं कारण ती अनुमोदक पोरगी. ती आता २१ च्या पुढं गेलीय आणि पुढच्या निवडणुकीत वॉर्डातून उभं राहायचं म्हणते. घरातून विरोध आहे, आई हो म्हणते, वडील बोलत नाहीत, जात पडताळणीची फाईल तिनं स्वतः जाऊन दिलीय. वडिलांशी बोलायला मी एकदा गेले होते, त्यांनी चहा दिला, विषय बदलला. परत जाणार आहे.

आता १ मे ची ग्रामसभा आहे. आळीवार लिस्ट परत काढलीय, ह्या वेळी फोन कमी करणार नाही. काल रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, ताई ८७ झालेत, वरच्या आळीतली पाच घरं राहिलीत, उद्या संध्याकाळी तू येतेस का माझ्याबरोबर. मी साताऱ्याहून सहाला सुटते, साडेसहापर्यंत पोचेन म्हणून कळवलंय.